डोंगरउतारावरील मनोरंजन उद्याने : पैसा कोठून येतो, धोका कोणावर पडतो?

सपाट जमीन असताना डोंगराच्या उतारावर मनोरंजन उद्यान का बांधावे, असा प्रश्न व्यापारी माणसाला पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर साधे आहे. शहराजवळची सपाट जमीन महाग असते, उताराची जमीन स्वस्त पडते. वर हवा थंड असते आणि देखावा फुकट मिळतो. मात्र जमिनीत वाचलेला पैसा पुढे रस्ता, भिंती आणि पाणी यांत खर्च होतो. हा हिशेब कसा जुळतो आणि आपल्या वेल्डर, फॅब्रिकेटर, रंगारी व वायरमन बंधूंनी असे काम घेताना काय पाहावे, हे आम्ही येथे मांडत आहोत.

पहिला खर्च वाटेचा

डोंगरावर गिऱ्हाईक स्वतः चालत येत नाही, त्याला वर न्यावे लागते. स्पेनमधील बार्सिलोना शहरालगत तिबिदाबो नावाचा ५१२ मीटर उंचीचा डोंगर आहे. तेथील उद्यानासाठी १९०१ साली फ्युनिक्युलर रेल्वे सुरू झाली. फ्युनिक्युलर म्हणजे एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेले दोन डबे. एक उतरतो तेव्हा त्याच्या वजनाने दुसरा चढतो, विहिरीवरच्या दोन बादल्यांप्रमाणे. त्यामुळे मोटारीला दोन डब्यांच्या वजनातील फरक आणि घर्षण एवढेच ओढावे लागते. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली चालते.

हाँगकाँगचे ओशन पार्क १९७७ साली उघडले. त्याचा एक भाग पायथ्याशी आणि दुसरा डोंगरमाथ्याकडे आहे. दोहोंमध्ये सुमारे दीड किलोमीटरची केबल कार आहे. परंतु वादळी वाऱ्यात केबल कार थांबवावी लागते आणि गर्दीच्या दिवशी ती अपुरी पडते. म्हणून २००९ साली डोंगराच्या पोटातून बोगदा काढून फ्युनिक्युलर सुरू करण्यात आली. ज्या दुकानाला एकच वाट, ते वादळात बंद पडणार, हा धडा छोट्या दुकानदारालाही लागू आहे.

पैसा कोठून आला?

नुसत्या तिकिटावर डोंगराचा खर्च निघणे कठीण असते. म्हणून अशा उद्यानांमागे बहुधा दुसरी कमाई उभी असते. तिबिदाबोमागे खोकल्याच्या गोळ्यांसाठी प्रसिद्ध असलेले औषध व्यावसायिक डॉ. साल्वादोर आंद्रेउ होते. त्यांच्या कंपनीने उद्यानाबरोबरच डोंगराच्या पायथ्याकडील जमीन बंगल्यांसाठी विकसित केली. ओशन पार्कच्या उभारणीचा पैसा हाँगकाँगच्या जॉकी क्लबने दिला. हा क्लब घोड्यांच्या शर्यतींवरील सट्टा चालवतो. १९८७ साली उद्यान क्लबपासून वेगळे झाले. २०२० साली ते इतके अडचणीत आले की सरकारला सुमारे ५४० कोटी हाँगकाँग डॉलरची मदत मंजूर करावी लागली.

मलेशियातील गेंटिंग हायलँड्सची गोष्ट तर आपल्या वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. लिम गोह टाँग यांनी जुन्या यंत्रसामग्रीच्या खरेदीविक्रीत पैसा कमावला आणि पुढे ते बांधकाम ठेकेदार झाले. क्वालालंपूरजवळच्या सुमारे सहा हजार फूट उंचीच्या जंगली डोंगरावर विश्रामस्थान बांधण्याचा बेत त्यांनी केला. मोहम्मद नोआ ओमर यांच्या भागीदारीत १९६५ साली कंपनी निघाली. नुसता रस्ता काढण्यातच सुमारे चार वर्षे गेली. या दगडी खर्चाला आधार मिळाला तो १९६९ साली मिळालेल्या कॅसिनोच्या परवान्याचा. पहिले हॉटेल १९७१ साली उघडले, पाळणे आणि केबल कार नंतर आले. जुने खुले उद्यान २०१३ साली बंद झाले आणि त्या जागी नवे उद्यान २०२२ साली सुरू झाले.

मलेशियात मुसलमानांना कॅसिनोत प्रवेशाची बंदी आहे. त्याच डोंगरावर मशीदही आहे. जुगार हराम आहे, यात दुमत नाही. मात्र अशा ठिकाणच्या पाळण्यांचे वेल्डिंग करावे की नाही, तेथे चादरी किंवा मसाले पुरवावेत की नाही, हा मसला उलमांना विचारावा. व्यापाराच्या पानावर आम्ही फतवा देत नाही. आमचे म्हणणे इतकेच की ऑर्डर घेण्यापूर्वी मालकाची कमाई कशावर चालते याची चौकशी करावी. त्यात हलाल-हरामचा प्रश्न आहेच, शिवाय आपले बिल वेळेवर निघेल की नाही याचाही अंदाज तेथेच येतो.

उतार मदत करतो, तसा घातही करतो

उताराचा कारागिराला एक फायदा आहे. सपाट जागी रोलर कोस्टरसाठी उंच सांगाडा उभारावा लागतो. उतारावर रूळ जमिनीलगत नेता येतात, म्हणून खांब आखूड लागतात आणि लोखंड वाचते. मात्र प्रत्येक खांबाची लांबी वेगळी असते. एका मापाने सगळे कापून नेले तर माल परत आणावा लागतो. पाया पक्क्या खडकात हवा. डोंगर कापून निघालेली माती पुढे टाकून केलेला भराव दिसायला सपाट असतो, पण तो खचू शकतो.

सर्वांत मोठा शत्रू पाणी. पावसाचे पाणी मातीत मुरले की माती जड होते आणि तिची पकड सुटते. संरक्षक भिंतीमागे पाणी साचले तर त्या दाबाने भिंतच कोसळते. म्हणून भिंतीत पाणी निघायला भोके आणि माथ्यावर चर हवेत. ३० जून १९९५ रोजी गेंटिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर दरड कोसळून २० जणांचा मृत्यू झाला. १६ डिसेंबर २०२२ रोजी त्याच डोंगराळ भागात बातांग काली येथे शिबिरस्थळावर दरड आली आणि ३१ जण दगावले. त्या शिबिरस्थळाला परवाना नव्हता. आपल्या सह्याद्रीत २०१४ साली माळीण आणि २०२३ साली इर्शाळवाडी गाडली गेली. तेथे पाळणे नव्हते, पण डोंगर आणि पाऊस पाळणा आणि झोपडी असा भेद करीत नाहीत.

काम घेण्यापूर्वी

आमच्या मते पुढील गोष्टी लेखी घेतल्याशिवाय हात घालू नये : उताराच्या मातीची व खडकाची तपासणी झाल्याचा अहवाल, पायाचा नकाशा आणि त्यावर इंजिनियरची सही, पावसाळ्यात काम थांबल्यास पैसे केव्हा मिळणार, वर माल नेण्याचे भाडे कोणाच्या अंगावर, मजुरांचा विमा कोण काढणार, आणि आपल्या वेल्डिंगची तपासणी कोण, कधी करणार. शेवटचा मुद्दा जाचक वाटतो, पण अपघात झाल्यावर तोच कागद कारागिराला वाचवतो.

तवक्कुलच्या नावाखाली उंट मोकळा सोडण्याची शिकवण आपल्याला नाही. पाळण्यात बसणारे मूल आपल्या सांध्यावर भरवसा ठेवून बसते. तो सांधा अमानत आहे. ज्या कामात पाया दाखवला जात नाही, ते काम दर कितीही चांगला असला तरी सोडून द्यावे. त्यातच रोजीची बरकत आहे.