टेनिसपटूचे कोपर

थोर क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर यांच्या कोपरावर २००५ साली शस्त्रक्रिया करावी लागली. मौज अशी, की त्या दुखण्याचे नाव मात्र ‘टेनिस एल्बो’!

मनगट मागे वळविणारे स्नायू कोपराच्या बाहेरील हाडाला एका चिवट दोरीने बांधलेले असतात. तिला कंडरा म्हणतात. टेनिसमध्ये वेगाने आलेला चेंडू केवळ मनगटाच्या झटक्याने परतविला, की त्याचा हिसका कंडरेला बसतो. असे वारंवार घडले, म्हणजे ती दुखावते. मग पाण्याने भरलेला तांब्या उचलणेही जड जाते.

मुलांनो, हे टाळणे आपल्या हाती आहे. खेळापूर्वी हात व खांदे हलवून मोकळे करावेत. मनगट स्थिर ठेवून खांद्याच्या व कमरेच्या बळाने फटका मारावा. बॅकहँडचा फटका दोन्ही हातांनी मारल्यास भार वाटला जातो. रॅकेटचा दांडा मुठीत धरल्यावर बोटांची टोके व तळवा यांत दुसऱ्या हाताचे एक बोट मावले पाहिजे.

एवढे करूनही कोपर दुखू लागले, तर सामना रंगात आला असला तरी थांबावे आणि वडीलधाऱ्यांना सांगावे. वेदना लपविणे हे शौर्य नव्हे. शरीराची हाक वेळीच ऐकणारा खेळाडूच दीर्घकाळ खेळतो.