बनावट बँकेचा पत्ता
बनावट ऑनलाइन बँकेला खऱ्या बँकेचे बोधचिन्ह, रंग आणि मजकूर हुबेहूब उचलता येतात, परंतु संकेतस्थळाचा पत्ता उचलता येत नाही, आणि हा पत्ता उजवीकडून वाचायचा असतो: 'अमुकबँक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी-नूतनीकरण डॉट कॉम' यात बँकेचे नाव आरंभी ठळक दिसले, तरी मालकी शेवटच्या 'केवायसी-नूतनीकरण डॉट कॉम' घेणाऱ्याची असते. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये भारतीय बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हा राखीव शेवट स्वीकारण्यास सांगितले, ते अशाच फसवणुकीला आळा घालण्यासाठी. पत्त्याशेजारचे कुलूप, ज्यावर लोक भाबडेपणाने विसंबतात, ते माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही एवढेच सांगते; पलीकडे बँक आहे की भामटा, हे सांगत नाही. आणि अशा संकेतस्थळावर खात्यात अडकलेली म्हणून दाखवलेली रक्कम सोडवण्यासाठी आधी 'शुल्क' मागितले गेले, तर ती फसवणूकच समजावी; पत्ता तपासण्याचीही गरज उरत नाही.