सिलिंडरचा फराटा आणि चपलेची रेघ

नाताळच्या आठवड्यात देवबागच्या एका न्याहारी-निवासात गॅस संपला तो ऐन सकाळी, वड्यांचं पीठ मळून झालेलं असताना. पडवीत पाहुणे चहासाठी ताटकळलेले, आणि सिलिंडर आणणाऱ्या पोराला आणखी चार दारं गाठायची घाई. 19 किलो गॅसचा व्यावसायिक सिलिंडर, वर लोखंडाचं वजन वेगळं. त्याने तो उचलला नाही, मागच्या दारापासून शेगडीपर्यंत ओढत नेला. वडे वेळेत गेले. आत मात्र, आदल्याच सीझनला टाकलेल्या लाकडी डिझाइनच्या विनाइलवर दारापासून ओट्यापर्यंत काळे-तांबडे फराटे उमटले होते.

मदतीची मुलगी तारेची घासणी घेऊन खाली बसली, तोच स्वयंपाकाच्या काकींनी तिला अडवलं. म्हणाल्या, "आधी बोटान चोळून बघ गो, मगे घास."

मालवण, तारकर्ली, देवबागच्या स्वयंपाकघरांत सीझनला राबताना मी ऐकलेला सगळ्यात शहाणा सल्ला हाच. काकींनी फराट्यावरून आडवं नख फिरवलं. एक जागा सोडली तर नख कुठे अडकलं नाही, म्हणजे बाकी जमिनीचं काही गेलेलं नव्हतं. वर काहीतरी लागलं होतं. काळा भाग होता रबराचा आणि धातूचा. घरातल्या मुलाच्या कंपासपेटीतलं पांढरं खोडरबर घेऊन तो हलक्या हाताने खोडला. तांबडा भाग सिलिंडरच्या बुडाच्या कड्याचा गंज. खाऱ्या हवेत ते कडं कोरडं कधी राहतच नाही. त्यावर लिंबाची फोड चोळली, थोडा वेळ थांबून साध्या पाण्याने पुसलं. गंजावर ब्लीच ओतायचं नाही, डाग उलट पक्का बसतो. शेवटी नख अडकेल असा बोटभर ओरखडा तेवढा उरला. खरं नुकसान तेवढंच होतं.

तारेची घासणी फिरली असती तर सगळा पट्टा गेला असता. विनाइलची शीट थरांची असते: खाली फेल्ट किंवा फोम, त्यावर छापलेलं डिझाइन आणि सगळ्यात वर पारदर्शक थर. हा वरचा थर स्वस्त शीटमध्ये मिलिमीटरचा छोटासा अंश असतो. चमक त्याची आणि डिझाइनला राखणाराही तोच. तो खरवडला की जागा खरबरीत होते, मळ धरते, काळी दिसते, म्हणून माणूस आणखी घासतो. मी पाहिलेल्या बहुतेक खराब जमिनी वापराने गेलेल्या नाहीत, साफसफाईने गेल्या आहेत.

आपल्याकडे हे विनाइल आलं कसं, तेही सांगायला हवं. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढे न्याहारी-निवास योजनेमुळे राहत्या घरांत पाहुणे उतरू लागले. घरं चिऱ्याची, स्वयंपाकघरात लाल कोबा, त्याआधी शेणाचं सारवण. सारवणावर डाग पडला तर पुढच्या सारवणाला तो जायचा. कोब्याला खोबरेल तेलाचा हात फिरवला की झालं. सीझनच्या तोंडावर कोबा फोडून फरशी घालायला ना वेळ ना पैसा, तेव्हा अनेकांनी त्यावरच विनाइल पसरलं. दिसायला छान, पायाला मऊ, भांडं पडलं तरी आवाज कमी. पण सवयी कोब्याच्याच राहिल्या: खराट्याने खरडणं, बादल्यांनी पाणी ओतणं, संडासाचं ॲसिड इकडेही वापरणं.

आणि वाळू. तारकर्लीची पांढरी वाळू बघायला लोक पुण्या-मुंबईहून येतात. याच जिल्ह्यात, कणकवली तालुक्यात कासार्ड्याच्या बाजूला सिलिका वाळूच्या खाणी आहेत, म्हणजे गारगोटीचा हा माल इथे किती आहे ते समजा. गारगोटी विनाइलपेक्षा कितीतरी कठीण. पाहुण्यांच्या चपलेतून ती पडवीत येते, वाढपी पोरांच्या पायाने आत येते आणि प्रत्येक पावलागणिक पॉलिश पेपरसारखी घासत राहते. महिन्याभरात दारापासून ओट्यापर्यंत मळकट वाट तयार होते. ती खोडरबराने जात नाही, कारण ती असंख्य बारीक ओरखड्यांची असते. तिला उपाय एकच: विनाइलला चालणारं पॉलिश आणि रोज दोनदा मऊ केरसुणी.

चपलेच्या काळ्या रेघा त्यामानाने सोप्या. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ फडकं. राहिल्याच तर खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट, नाहीतर खोबरेल तेलाचा एक थेंब. तेल लावलं तर साबणाच्या पाण्याने पुसलंच पाहिजे. हातात उकळत्या रश्शाचं पातेलं असलेलं माणूस तिथून जाणार असतं. नेलपॉलिश काढायचं द्रावण लावू नये, त्यातल्या ॲसिटोनने विनाइल मऊ पडतं. रॉकेल तर स्वयंपाकघरात आणूच नये.

सोड्याचीही एक गंमत आहे. सोलकढी सांडली आणि कोणी घाईने त्यावर सोडा टाकला, तर कोकमाचा गुलाबी रंग निळसर काळपट होतो आणि सगळे घाबरतात. हळदीवर साबण पडला की ती लाल होते. या दोन्हींना आधी साधं पाणी, तेही लगेच. हळदीचा पिवळा मागे राहिलाच तर खिडकीतलं ऊन पडू द्यावं, उन्हात हळद विटते.

एक डाग मात्र कशानेच जात नाही. मालवणातल्या एका खानावळीत सिंकपुढे पाय घसरू नये म्हणून काळं रबरी पायपुसणं घातलं होतं. सीझन संपल्यावर उचललं, तर खाली बरोबर त्याच मापाचा पिवळा चौकोन. विनाइल म्हणजे मऊ केलेलं पीव्हीसी. 1926 साली अमेरिकेत वाल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाने कडक पीव्हीसी मऊ करण्याची रीत शोधली. तो गुडरिच या रबर कंपनीत धातूला रबर चिकटवण्याच्या कामावर होता. पण मऊ झालेल्या या विनाइलचं रबराशी जुळत नाही. रबर टिकावं म्हणून त्यात घातलेली रसायनं विनाइलमध्ये उतरतात आणि त्याचा रंगच बदलतो. तो पिवळेपणा वर लागलेला नसतो, आत मुरलेला असतो. रबरी बुडाच्या पायपुसण्याऐवजी सुती घाला.

त्या खानावळीच्या मालकीणबाई नवीन शीट घ्यायला निघाल्या होत्या. कुडाळहून आलेल्या फिटरने फ्रिज सरकवायला लावला. त्याच्या खालचं विनाइल कोरं होतं. तिथला तुकडा कापून त्याने पिवळ्या चौकोनावर ठेवला, डिझाइनची रेघ रेघेला जुळवली, टेपने पक्का केला आणि धारदार सुरीने दोन्ही थर एका दमात कापले. वरचा तुकडा खालच्या खड्ड्यात केसाचीही फट न ठेवता बसला. मग गोंद, वर वजन आणि सांध्यावर सीलर. फ्रिजखाली गेला तो पिवळा तुकडा. फिटर पावसात हे काम घेत नाही. चिऱ्याच्या घरात जमिनीला ओल येते, गोंद धरत नाही, आणि खाली बुरशी येते ती वेगळीच.

जाताना त्याने बाईंना सांगितलं ते तुम्हालाही सांगते. नवीन विनाइल टाकाल तेव्हा उरलेला तुकडा फेकू नका. घडी न घालता गुंडाळून माळ्यावर ठेवा, कारण तेच डिझाइन पुढच्या वर्षी दुकानात मिळेल याचा भरवसा नसतो. सिलिंडर ओढू देऊ नका, खाली गोणपाट घाला. आणि किनाऱ्यावरून कोणाच्याही घरी परतताना पायरीवर पाय धुऊन मगच आत या.