पर्यावरणशास्त्र शिकून पुढे काय?

मुले कॉलेजात जाऊ लागली की आपल्या घरोघरी एक प्रश्न ठरलेला असतो : "याने पुढे नोकरी काय मिळणार?" आमच्या एका स्नेह्यांची मुलगी पर्यावरणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गरीब वस्त्यांसाठी काम करायचे मनात धरून तिने यूडॉल शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला आहे. घरी अभिमानही आहे आणि काळजीही. "इतकी वर्षं इथे राबलो, ते हिने झाडं लावत फिरावं म्हणून का?" असे तिच्या वडिलांनी मला विचारले. या अभ्यासात झाडे लावण्यापेक्षा मोजणी अधिक असते. ती कोणाच्या कामी येते, ते एका घडलेल्या उदाहरणावरून सांगतो.

१९७९ साली टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात नॉर्थवुड मॅनर या बहुतांशी कृष्णवर्णीय, मध्यमवर्गीय वस्तीशेजारी कचराभूमी करण्याचे घाटत होते. रहिवासी कोर्टात गेले. त्यांच्या वकील लिंडा मॅकीव्हर बुलर्ड यांना पुरावा हवा होता. त्यांचे पती रॉबर्ट बुलर्ड टेक्सास सदर्न विद्यापीठात समाजशास्त्र शिकवीत. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना कामाला लावले. संगणकावर आयता नकाशा मिळण्याचे ते दिवस नव्हते. जुनी दप्तरे चाळून, जागेवर जाऊन त्यांनी शहराचा कचरा आजवर कुठे गेला याची नोंद केली. शहराच्या मालकीच्या पाचही कचराभूमी आणि कचरा जाळण्याच्या आठांपैकी सहा भट्ट्या कृष्णवर्णीय वस्त्यांत निघाल्या. शहराच्या लोकसंख्येत या समाजाचा वाटा होता सुमारे २५ टक्के.

हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध होत नाही, म्हणून कोर्टाने मनाई हुकूम नाकारला आणि ती कचराभूमी झालीच. मोजण्याची ही रीत मात्र पुढे गेली. १९८७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या देशव्यापी पाहणीत घातक कचऱ्याच्या जागांचा संबंध उत्पन्नापेक्षाही वंशाशी अधिक असल्याचे दिसले. फेब्रुवारी १९९४ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी संघीय खात्यांना अशा वस्त्यांवरील परिणामांचा विचार करण्याचा आदेश दिला. तो जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. राज्यांचे कायदे वेगळे आहेत. न्यू जर्सीत २०२० साली झालेल्या कायद्यानुसार, विशिष्ट प्रकारच्या प्रकल्पांना परवाना मागताना आधीच भार सोसणाऱ्या वस्तीवर आणखी किती भार पडेल ते दाखवावे लागते. ते तपासायला शिकलेली माणसे लागतात. नोकरीच्या प्रश्नाचे थोडे उत्तर इथेच आहे.

मी इंजिनीअर असल्याने मला यातली एक गोष्ट विशेष पटते. शहराच्या हवेची सरासरी ठीक दिसली, तरी सरासरीत कोणी राहात नाही. माणूस राहतो तो एखाद्या भट्टीपासून चार घरांवर. म्हणून ही मुले माती-पाण्याचे रसायन, संख्याशास्त्र, नकाशाशास्त्र आणि कायदा एकत्र शिकतात. आणि लोकांच्या ओसरीवर बसून त्यांचे ऐकून घ्यायलाही शिकतात, कारण मोजायचे कुठे हे रहिवाशांनाच आधी ठाऊक असते. मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको. देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या आगीचा धूर शहरभर पसरला तेव्हा मोठी बातमी झाली. गोवंडीच्या वस्त्यांना तो शेजार रोजचाच होता.

आता शिष्यवृत्तीविषयी. अॅरिझोनाचे काँग्रेस सदस्य मॉरिस यूडॉल यांच्या सन्मानार्थ १९९२ साली काँग्रेसने कायदा करून ही संस्था स्थापली. कॉलेजच्या सोफोमोर आणि ज्युनियर वर्षातील विद्यार्थी पात्र असतात. नागरिकांप्रमाणे ग्रीन कार्डधारकही चालतात. गुणांबरोबरच लोकांसाठी प्रत्यक्ष काय केले हे पाहिले जाते. परस्पर अर्ज करता येत नाही, कॉलेजने नाव सुचवावे लागते. तेव्हा तुमच्या घरी असे मूल असेल, तर त्याला वर्षाच्या आरंभीच कॉलेजातील यूडॉल प्रतिनिधीला भेटायला सांगा.