अहवालात ‘सौम्य’, तरीही झोप अपुरी

घरात कोणी जोरात घोरू लागले, की ‘गाढ झोप लागली आहे’ असे म्हणून बाकीचे कूस बदलतात. पण ते घोरणे मध्येच थांबले, काही क्षण श्वास ऐकूच आला नाही आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेतला गेला, तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो. झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग अरुंद होतो किंवा मिटतो. मग मेंदू झोपलेल्याला क्षणभर जागवून श्वास सुरू करतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. म्हणूनच डॉक्टरांकडे जाताना शेजारी झोपणाऱ्याला सोबत न्यावे. खरा साक्षीदार तोच.

कान-नाक-घसा किंवा छातीविकारतज्ज्ञ आधी दिवसा येणाऱ्या झोपेची चौकशी करतात. निदान मात्र निद्राचाचणीनेच होते. किमान १० सेकंद श्वास थांबण्याचे किंवा लक्षणीय मंदावण्याचे प्रसंग तासाला किती, हे तीत मोजतात. ५ ते १४ प्रसंग म्हणजे सौम्य, ३० किंवा अधिक म्हणजे तीव्र. ही चाचणी रुग्णालयात होते, तशी घरीही होते. घरच्या उपकरणांपैकी बहुतेक मेंदूच्या लहरी टिपत नाहीत. त्यामुळे अंथरुणात जागे पडलेला वेळही हिशेबात येतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी निघू शकतो. सौम्य विकार नेमका येथेच निसटतो. तक्रारी कायम असतील, तर घरचा ‘नॉर्मल’ अहवाल अखेरचा मानू नये.

‘सौम्य’ हा शब्द फसवा आहे. तो प्रसंगांची संख्या सांगतो, थकवा नव्हे. आकडा ७ असलेला माणूस कचेरीत पेंगतो, १४ असलेल्याची काही तक्रारच नसते. उपचारही त्यानुसारच ठरतात. पाठीवर झोपल्यावरच श्वास अडत असेल, तर कुशीवर झोपण्याची सवय पुरेशी ठरू शकते. रात्रीचे मद्य घशाचे स्नायू आणखी सैलावते. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. वजन जास्त असल्यास ते घटवण्याचा लाभ मोठा. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० टक्के वजनघटीशी प्रसंगांची सुमारे २६ टक्के घट निगडित आढळली. अर्थात सडपातळ माणसालाही हा विकार होतो. लहान किंवा मागे सरकलेला जबडा हे त्याचे एक कारण.

दंतवैद्य मापानुसार बनवून देतात ते उपकरण रात्री खालचा जबडा पुढे धरून ठेवते. सुरुवातीला जबडा दुखतो, कालांतराने दातांची ठेवण किंचित बदलू शकते. सीपॅप यंत्र मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवते, सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत १९८१ मध्ये मांडली. सौम्य विकारात, लक्षणे नसतील तर, यंत्र सहसा लागत नाही. दिवसा झोप अनावर होत असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर त्याचा विचार होतो. जबड्याचे उपकरण घेतल्यावर ते तोंडात ठेवूनच पुन्हा चाचणी करावी. घोरणे थांबले म्हणजे श्वास सुरळीत झाला, असे नव्हे.

पणजीहून रात्री मुंबई-पुण्याकडे गाडी नेणाऱ्या चालकाने, दिवसाची झोप जाईपर्यंत ती फेरी दुसऱ्याकडे सोपवावी, अहवालातील आकडा ६ असला तरी.