पंप हवा का धरतो?

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. दोन्ही नद्यांच्या काठांवर शेतकऱ्यांचे पंप बसलेले आहेत. त्यांच्या पाण्यावर ऊस, भुईमूग उभा राहतो. पण एखादे दिवशी पंप रुसतो. मोटार किंवा इंजिन नीट चालते, पाणी मात्र गुळण्या टाकल्यासारखे येते, आणि मग येईनासेच होते. लोक म्हणतात, "पंपाने हवा धरली."

म्हणजे नेमके काय झाले? पंप पाणी ओढतो असे आपण बोलतो. खरी गोष्ट थोडी निराळी आहे. पंपातले चाक पाणी बाहेर फेकते. त्यामुळे सक्शन पाइपात हवेचा दाब कमी होतो. बाहेरची हवा नदीच्या पाण्यावर दाबत असतेच. तीच पाण्याला पाइपात वर ढकलते. हा जोर फार तर ३४ फुटांपर्यंत पुरतो. आपला मुलूख समुद्रापेक्षा उंच, म्हणून इथे त्याहून थोडा कमीच. व्यवहारात पंप पाण्यापासून २० ते २२ फुटांच्या आत बसवावा हे बरे.

शहाळ्याचे पाणी नळीने पिताना नळीला भोक पडले तर काय होते? तोंडात वाराच येतो. पंपाचे तसेच आहे. आणि गंमत अशी, की पंप चालू असताना या भोकातून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून पाइप कोरडा दिसतो आणि भोक सापडत नाही. मग चांगले चाक बदलले जाते, पैसे जातात, आणि उसाची पाळी चुकते ती चुकतेच.

आधी एवढे पाहावे. पंप दर वेळी पाण्याने भरावा लागतो, पण एकदा सुरू झाला की धार भरून येते, असे असेल तर दोष बहुधा फुटवॉलचा. त्यात काडी, कचरा किंवा वाळू अडकलेली असते. पंप चालू असतानाच धार तुटते, पाण्यात बुडबुडे दिसतात, पंपात खडखड होते, तर बहुधा हवा शिरते आहे.

मग नदीकडे नजर टाकावी. उन्हाळ्यात पाणी उतरते. फुटवॉल वर आला, की पाण्यात भोवरा पडतो आणि त्यातूनच हवा जाते. फुटवॉल दोन-तीन फूट तरी पाण्यात बुडालेला असावा.

तेही ठीक असेल तर सांधे तपासू या. पंप चालू ठेवून प्रत्येक सांध्यावर साबणाचा दाट फेस लावावा. जिथे फेस आत ओढला जाईल, तिथे भोक. फेस नसेल तर ओली चिकणमाती थापावी. माती लावताच धार सावरली, तर चोर सापडला! पट्ट्यापाशी धोतराचा सोगा किंवा पदर जाऊ देऊ नये. विजेच्या मोटारीजवळ ओले हात नकोत.

दुरुस्ती पंप बंद करूनच करावी. सांध्याचे रबरी पॅकिंग बदलावे आणि बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळावेत. एकाच बाजूचा करकचून आवळला तर दुसरी बाजू उघडते. सक्शन पाइप पंपाकडे सारखा चढता असावा. मध्ये कुबड असले की तिथे हवा साठते.

राहिली ग्लँडची दोरी. पुष्कळ लोक ती अगदी कोरडी होईपर्यंत आवळतात. तसे करू नये. दांडा तापतो, झिजतो. पंप चालू असताना ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडले पाहिजे. थेंब मुळीच नसतील आणि फेस आत जात असेल, तर दोरी जुनी झाली. ती नवी घालावी.

जवळच सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तिथे कारखाना उभारला. आधी नांगर आणि पुढे पंपही तिथे होऊ लागले. पाण्यात बुडून चालणारे पंप आता निघाले आहेत. त्यांना सक्शन पाइप नसतो, म्हणून हा त्रासही नाही. काठावरच्या पंपाला मात्र साबणाची वडी जवळ असू द्यावी.