'मे' म्हणजे मुभा, 'शॅल' म्हणजे बंधन : सही करण्याआधी एवढं वाचाच!



"मे आय कम इन, सर?" आठवतंय ना? मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात बोललेलं हे पहिलं इंग्रजी वाक्य. वर्गाच्या दारात उभं राहायचं, हे वाक्य म्हणायचं आणि सरांनी मान हलवली की आत जायचं. मान हलवायची की नाही, हे सरांच्या हातात.

आज आपण याच 'मे'बद्दल बोलणार आहोत. इंग्रजी व्याकरणात त्याला मोडल ऑक्झिलरी म्हणजे सहाय्यकारी क्रियापद म्हणतात. पण हा व्याकरणाचा तास नाही, तुमच्या पैशाचा विषय आहे.

वाडीतल्या ताई आणि 200 किलोंचा कागद

मागे नृसिंहवाडीत एक छोटं प्रशिक्षण होतं. वाडी म्हणजे कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्त महाराजांच्या पादुका आणि दर्शन करून परतताना हातात पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी. तिथे कवठाची बर्फी करणाऱ्या एक ताई भेटल्या. पुण्यातल्या एका दुकानाने त्यांना करारनामा पाठवला होता. चार पानं, सगळी इंग्रजीत. ताई खुशीत होत्या.

"सर, महिन्याला 200 किलोची ऑर्डर मिळालीय. मोठी कढई, डीप फ्रीजर घ्यायचाय. दागिने ठेवून कर्ज काढतेय. उद्या बँकेत जायचंय."

मी कागद मागितला. त्यात लिहिलं होतं, "दि बायर मे पर्चेस अप टू 200 केजी पर मंथ."

मित्रांनो, इथे थांबा आणि हे वाक्य पुन्हा वाचा. याचा अर्थ 'दुकानदार दरमहा 200 किलो घेईल' असा नाही. 'दुकानदाराला दरमहा 200 किलोपर्यंत घेता येईल' असा आहे. म्हणजे 200 घेतले तरी चालतील, 20 घेतले तरी चालतील आणि एकही किलो घेतला नाही तरी करार मोडत नाही!

खालच्याच ओळीत होतं, "दि सप्लायर शॅल डिलिव्हर विदिन 48 अवर्स." म्हणजे मागणी आली की ताईंनी 48 तासांत माल पोचवायचाच.

बघा, एकाच कागदावर दुकानदाराला मुभा आणि ताईंना बंधन. दोन शब्दांचा खेळ. यात दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने स्वतःच्या सोयीचा कागद केला. आपण आपल्या सोयीने वाचला, चूक तिथे झाली.

नेमका अर्थ काय?

शाळेत आपल्याला शिकवलं की 'आय' आणि 'वुई'पुढे 'शॅल', बाकी सगळ्यांपुढे 'विल'. परीक्षेपुरतं ते ठीक. पण कायद्याच्या आणि कराराच्या भाषेत 'शॅल'चा काळाशी फारसा संबंध नसतो. तिथे 'शॅल' म्हणजे 'केलंच पाहिजे'.

'मे'चे मात्र तीन अर्थ ध्यानात ठेवा.

पहिला, परवानगी किंवा मुभा. 'यू मे गो', तुम्ही जाऊ शकता.

दुसरा, शक्यता. 'इट मे रेन', पाऊस येईलही कदाचित.

तिसरा फसवा आहे, तो म्हणजे 'मे नॉट'. बोलताना 'ही मे नॉट कम' म्हटलं तर 'तो कदाचित येणार नाही'. पण करारात 'मे नॉट' आलं की ती बहुतेक वेळा मनाई असते. ताईंच्या कागदावर होतं, "दि सप्लायर मे नॉट सेल धिस प्रॉडक्ट टू एनी अदर स्टोअर इन पुणे." ताईंना वाटलं, 'कदाचित दुसरीकडे विकता येणार नाही, बघू पुढचं पुढे.' अर्थ होता, पुण्यात दुसऱ्या कुठल्याही दुकानाला विकायचं नाही. म्हणजे हा दुकानदार घेईल याची खात्री नाही आणि दुसऱ्याला द्यायची सोय नाही!

एक सोपी युक्ती सांगतो. प्रत्येक 'मे' आणि 'शॅल'च्या आधी कोणाचं नाव आहे, ते बघा. 'मे'आधी ज्याचं नाव, त्याच्या हातात निर्णय. 'शॅल'आधी ज्याचं नाव, त्याच्या डोक्यावर ओझं.

मिठाईवाल्यांनी वाचावा असा एक सरकारी आदेश

सप्टेंबर 2020 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, सुट्या मिठाईबद्दल आदेश काढला. विक्रीच्या ट्रेवर 'बेस्ट बिफोर' तारीख 1 ऑक्टोबर 2020 पासून लावायला सांगितली. तिथे क्रियापद होतं 'शुड', पण त्याच वाक्यात 'मँडेटरिली' म्हणजे सक्तीने हा शब्दही जोडला होता. मिठाई बनवल्याची तारीख लावण्याबद्दल मात्र शब्द होता 'मे', आणि ती ऐच्छिक आहे असंही स्पष्ट केलं होतं.

एकाच आदेशात एक तारीख सक्तीची, दुसरी मर्जीची. नुसता 'शुड' वाचून 'हा तर सल्ला आहे' म्हणणारा दुकानदार अडचणीत आला असता. म्हणून शब्दाबरोबर त्याचे शेजारीही वाचायचे. आणि नियम बदलत असतात, तेव्हा तुमच्या मालाला आज काय लागू आहे ते एफएसएसएआयच्या पोर्टलवर बघून घ्या.

कोर्टात काय होतं?

"सर, एवढा कीस कोण काढतो?" असं तुम्ही म्हणाल. कोर्ट काढतं!

सर्वोच्च न्यायालयात 2000 साली एक प्रकरण आलं. करारात लिहिलं होतं की वाद झाल्यास तो लवादाकडे नेता येईल, शब्द 'मे'. न्यायालयाने सांगितलं की हे बंधनकारक नाही, लवादाकडे जायचं तर दोघांची नव्याने संमती हवी. पुढे 2007 साली एका भागीदारी व्यवसायाचं प्रकरण आलं. तिथे 'शॅल' होता, पण पुढे 'भागीदारांनी तसं ठरवल्यास' अशी पुस्ती होती. त्या पुस्तीने 'शॅल'ची हवाच काढून घेतली. तोही बंधनकारक लवाद करार ठरला नाही.

उलटंही घडतं. काही कायद्यांत संदर्भ पाहून न्यायालयं 'मे'चा अर्थ 'शॅल'सारखा लावतात, तर कधी 'शॅल'ला फक्त मार्गदर्शक मानतात. पण तो निकाल लागेपर्यंत वकिलाची फी आणि वर्षं तुमची जातात. त्यापेक्षा कागदावरच स्पष्ट लिहिलेलं बरं, नाही का?

हा 'मे' तुमच्या फायद्याचा

'मे' नेहमी आपल्या विरोधातच असतो असं नाही. 2006 चा एमएसएमई विकास कायदा बघा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचेच आहेत आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. इथे खरेदीदारापुढे 'शॅल' आहे. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज.

पण पैसे अडकले तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाण्याबद्दल शब्द आहे 'मे'. म्हणजे तुम्ही जाऊ शकता. गेला नाहीत तर कौन्सिल तुमच्या दारात येणार नाही. मुभा वापरली तरच तिचा उपयोग! त्यासाठी उद्यम नोंदणी आधीच करून ठेवा. तक्रार ऑनलाइन करता येते.

ताईंनी काय केलं?

ताई दुसऱ्या दिवशी बँकेत गेल्या नाहीत. आम्ही तिघा-चौघांनी बसून दुकानदाराला पत्र लिहिलं. चार मागण्या होत्या.

एक, 'मे पर्चेस'च्या जागी 'शॅल पर्चेस ॲट लीस्ट 100 केजी पर मंथ'.

दोन, पुण्यात दुसरीकडे न विकण्याची अट काढा.

तीन, न विकलेला माल परत घेण्याची सक्ती काढा.

चौथी मागणी खास वाडीची. पावसाळ्यात इथे नदी थेट देवळात येते. दक्षिणद्वार सोहळा भाविकांसाठी पर्वणी असते, पण पाणी आणखी चढलं की रस्ते बंद होतात. 2019 आणि 2021 चा महापूर शिरोळ तालुक्यात कोणी विसरलेलं नाही. अशा वेळी 48 तासांत पुण्याला बर्फी पोचवणार कशी? म्हणून लिहिलं, "दि सप्लायर मे सस्पेंड डिलिव्हरी ड्युरिंग फ्लड्स." पुराच्या काळात पुरवठा थांबवण्याची मुभा. या वेळी 'मे'च्या आधी ताईंचं नाव!

दुकानदाराने 100 ऐवजी 60 किलोची हमी दिली. पुराची अट मान्य केली, दुसरीकडे न विकण्याची अट काढली. परत मालाची अट मात्र सोडली नाही. ताईंनी 60 किलोचा हिशोब मांडला, परत येणारा माल धरला आणि लहान कढई घेतली. फ्रीजर नंतर. दागिने घरातच राहिले.

"सर, 200 ची स्वप्नं बघत होते, 60 वर आले," त्या हसत म्हणाल्या, "पण हे 60 खरे हायेत."

मित्रांनो, मला वाटतं धंद्यात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची. खऱ्या 60 किलोंवर कर्जाचा हप्ता बसवता येतो. 'मे' लावलेल्या 200 किलोंवर नाही.

आजचा गृहपाठ

घरातला कुठलाही एक इंग्रजी कागद काढा. गाळ्याचा भाडेकरार, कर्जाची कागदपत्रं, डीलरशिपचा फॉर्म, काहीही. दोन रंगांची पेनं घ्या. प्रत्येक 'मे'ला हिरवा गोल, प्रत्येक 'शॅल'ला लाल. मग त्या शब्दांआधी कोणाचं नाव आहे ते मोजा. सगळे हिरवे गोल समोरच्याचे आणि सगळे लाल तुमचे निघाले, तर सही करण्याआधी बोला. रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवा, ती फी खर्च समजू नका.

आणि बोलायला लाजू नका. दारात उभं राहून परवानगी मागायचे दिवस शाळेत संपले. करारात तुम्हीही बरोबरीचे आहात.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, धंदा वाढवत राहा!